पाचर

कसेरा बाजारातल्या सातव्या दुकानात
हातोड्याचं डोकं दांड्यातून निसटलं
आणि भालूच्या कानामागे लागलं.
एम.वाय.मध्ये तिसऱ्या रात्री तो गेला.
एवढं झालं. याला आम्ही कृती म्हणतो.
हिच्याबद्दल कुणाचंच भांडण नाही.

भांडण असतं ते आतल्या खोलीबद्दल,
जिथं पंचनाम्याला
कुणी शिपाई टेप घेऊन जात नाही.

सराफा ठाण्याच्या मुन्शीनं मात्र
त्या खोलीचं कुलूप सहा शब्दांत उघडलं :
‘जान से मारने की नीयत से.’
हे तो रोज लिहितो.
चाकू असो, वीट असो, क्रिकेटची बॅट असो,
चहा गार होऊ न देता.
(आडनाव विचारल्यावर वामन म्हणाला, पोटफोडे.
मुन्शी हसला. मग तेही त्यानं
पुराव्यासारखं जरा ठळक लिहिलं.)

पहिल्या भेटीत मी विचारलं, काय झालं?
तो म्हणाला, ‘माझ्या हातून झालं.’
वीस वर्षं वकिली करतेय इंदूरात,
हिंदीत जिरह करते, इंग्रजीत निकाल वाचते,
पण या तीन शब्दांचं काय करायचं
ते कुणी शिकवलेलं नाही.
हातून. म्हणजे हातानं केलं,
की हातातून गेलं?
आपल्या भाषेनं तिथं एक फट ठेवलीय,
माणूस मावेल एवढी.
सरकारी वकील तिच्यात एका बाजूनं शिरतात, मी दुसऱ्या.

त्या सकाळी भावाभावांत बोलाचाली झाली होती,
एका घंगाळाच्या पैशांवरून.
शेजारच्या हुसेनभाईंची साक्ष :
वामन म्हणाला, ‘एक दिवस ठोकतो तुला.’
मी विचारलं, असं तो किती वेळा म्हणतो?
‘वकीलबाई, ठोकणाऱ्यांचीच गल्ली ती.
तिथं लाडानंही हेच म्हणतात.’
कोर्ट हसलं. साहेब हसले नाहीत, पण लिहून घेतलं.

जेलमध्ये मी त्याला समजावलं :
दांडा सैल होता, एवढंच म्हणा.
निव्वळ अपघातापुढं कायदा हात टेकतो.
तो म्हणाला, सैल होता.
मंगळवारपासून.
मला ठाऊक होतं.
पाचर मारायची राहिली. बाभळीची ढलपी,
फुकट मिळते, दोन ठोक्यांचं काम.
रोज म्हटलं, उद्या.
त्या दिवशी म्हटलंसुद्धा नाही.

माझं पेन थांबलं.
कॉलेजात आम्हाला पायऱ्या शिकवल्या होत्या :
अपघात, हयगय, जाणीव, हेतू.
कलमांचे आकडे मध्यंतरी बदलले, पायऱ्या त्याच.
कुणी सांगितलं नव्हतं की माणूस
एका आठवड्यात चारींवर बसून उठलेला असतो,
आणि चप्पल कुठल्या पायरीवर काढली होती
ते त्यालाही आठवत नाही.

ते शेवटचं वाक्य मी कुठल्याच कागदावर नेलं नाही.
वकिलाला सांगितलेलं वकिलापाशी राहतं.
आज इथं लिहितेय, म्हणजे तेही मोडलंच.

निकाल : निष्काळजीपणा. भोगली तेवढी शिक्षा पुरे.
भालूच्या बायकोनं, कुंदानं, जिन्यात मला गाठलं.
‘म्हणजे मुद्दाम नव्हतं ना?’
मी म्हणाले, कोर्टाचं तसं म्हणणं आहे.
‘कोर्टाचं नाही विचारलं.’
जिन्यात कुणी तरी टायपिंगचा भाव करत होतं.
मी फाइल या काखेतून त्या काखेत घेतली.

अपिलाची मुदत गेल्यावर मुद्देमाल परत मिळाला :
दांडा वेगळा, डोकं वेगळं,
दोघांना मिळून एकच चिठ्ठी.
वामननं सही केली.
मग तिथंच, बाबूच्या टेबलाशी,
लोखंडाच्या भोकात दांडा घालून
हलवून पाहिला,
किती जागा उरते ते.